न फुटलेले नळ

१

ऐनार लुओमा जानेवारीत गेला, आणि त्याला त्याच्या मुलीनं मारलं असं सगळं गाव म्हणतं. तोंडावर कोणी म्हणत नाही. आमच्या उत्तर मिशिगनमध्ये तोंडावर बोलायची पद्धतच नाही. समोरून माणूस आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, एवढ्यात त्याला काय ते कळतं.

ऐनार शरद ऋतूपासून स्वतःच्याच अंगणात उभ्या असलेल्या जुन्या ट्रेलरमध्ये राहत होता. घर वीस पावलांवर, आत बायको, आणि हा चाकांवरच्या खोलीत. उणे तीसच्या एका रात्री हीटरचा धूर बाहेर जायच्या नळीत गांधीलमाशीचं मातीचं घरटं सुटून आडवं अडकलं, असं निघालं. धूर आत भरला, हीटर गुदमरून आपोआप बंद पडला, आणि ऐनार झोपेतच गेला. विषारी हवेचा इशारा देणारी पेटी होती, पण मासे तळताना ती बोंबलते म्हणून त्यानं ती कधीच उपटून फेकून दिली होती.

गॅसच्या वासाला या माशा भुलतात आणि उन्हाळ्यात नळीत घर करतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून नळीच्या तोंडावर तळहाताएवढी तारेची जाळी लावायची असते. तो हीटर गेल्या जूनमध्ये सायमानं, ऐनारच्या मुलीनं, स्वतःच्या हातानं बसवला होता. शेरीफची माणसं आली तेव्हा नळीवर जाळी नव्हती. संपला विषय.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर सायमा माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली, पण कोट काढेना.

"लेम्पी, तुम्ही लोकांचे ट्रेलर तपासून देता ना? आईनं तो ट्रेलर विकायला काढलाय."

"तुला घ्यायचाय?"

"मला बघायचाय. पण आई मला अंगणात पाऊल टाकू देत नाही. अंत्ययात्रेलासुद्धा तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. तुम्ही गिऱ्हाईकातर्फे म्हणून जा. सगळं तपासा. आणि ती जाळी..." तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. "मी लावली होती. नक्की लावली होती. पण चार महिने सगळे सांगतायत नाही लावलीस, नाही लावलीस. आता मलाच आठवत नाही. डोळे मिटले की कधी लावलेली दिसते, कधी नुसतीच नळी दिसते."

"आणि खरंच विसरली असलीस तर?"

"तर तसं सांगा. पण एकदा कोणीतरी बघून सांगा. असं अधांतरी नाही जगता येत."

मी आणि माझा नवरा वायनो जुने ट्रेलर विकायचो. वायनो गेल्यापासून मी गिऱ्हाइकांबरोबर जाऊन दोष काढते. विकणारे मला पाहिलं की कपाळाला हात लावतात. ट्रेलरचा दोष काढायला गेलं की माणसांचे दोष फुकट पदरात पडतात, हा माझा अनुभव. पण या पोरीला नाही म्हणायचं काळीज माझ्यात नव्हतं. मी होकार दिला, आणि मनात म्हटलं, लेम्पे, ही विसरलेली निघाली तर काय तोंडानं सांगशील?

२

हिल्मा लुओमा अंगणातच उभी होती. उंच, ताठ, पांढरा शुभ्र ॲप्रन. या बाईच्या घरात जमिनीवर वाढून जेवावं, असं चर्चमधल्या बायका म्हणायच्या, आणि त्यात थोडी असूयाही असायची.

"ये गं लेम्पी. गिऱ्हाईक कोण आहे?"

"आहे एक बाई. लांबून येणं जमत नाही तिला."

"कॉफी आधी की काम आधी?"

"काम आधी. कॉफी पोटात गेली की मला दोष दिसेनासे होतात."

ती हसली नाही. तिचा मुलगा रॉय पायऱ्यांवर उभा होता, खिशात हात घालून. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओट्यावर ऐनारचा धाकटा भाऊ आर्विद पाइप ओढत बसला होता. तो मला शाळेपासून ओळखतो.

"आली का पनवती?" त्यानं तिथूनच हाक दिली. "हिल्मा, आता किंमत निम्मी झाली समज."

"तुझी तपासणी केली असती तर तुला भंगारातही कोणी घेतलं नसतं," मी म्हटलं.

जुना ट्रेलर आधी नाकानं बघायचा असतो. दार उघडून आत डोकं घालायचं आणि श्वास घ्यायचा. कुबट वास आला तर छत गळतंय, मग कितीही रंगरंगोटी केलेली असो. इथं साबणाचा वास होता. मग जमिनीवर टाचेनं दाबत कोपऱ्याकोपऱ्यातून चालायचं. कुठं मऊ लागलं नाही. भिंतीला हात लावत गेले, कुठं फुगवटा नाही. छताचे सांधे नवे भरलेले होते, सायमाच्या हातचे, नीट आणि सरळ. एवढं काम करणारी मुलगी जाळी विसरेल? विसरतातही माणसं. मी नवऱ्याचं औषध विसरलेल्या चांगल्या बायका पाहिल्या आहेत.

शेवटी मी बाहेरून त्या नळीपाशी गेले. मुद्दामच शेवटी. गुडघ्यावर बसले आणि चष्मा पुसला.

ट्रेलरच्या पांढऱ्या पत्र्यावर उन्हाळ्याच्या धुळीचा पिवळट थर होता. नळीच्या तोंडाभोवती मात्र एक चौकोन स्वच्छ होता. तळहाताएवढा. तिथं काहीतरी उन्हाळाभर बसलेलं होतं, म्हणून धूळ पोचली नव्हती.

मी बोट आत घातलं. काहीतरी टोचलं. जाळी जिनं धरून ठेवतात त्या स्प्रिंगचं टोक, आकड्यासकट, आतल्या पट्टीत अजून अडकलेलं होतं. तुटलेलं टोक पीळ उलगडून सरळ झालं होतं. स्प्रिंग गंजून पडली नव्हती, कोणीतरी ओढून तोडली होती.

सायमानं जाळी लावली होती, आणि ती कोणीतरी काढली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो अर्धा क्षण, आणि मग मला त्या अंगणातल्या तिघांकडे पाठ करून बसायची भीती वाटली.

३

रॉयला मी आधी गाठलं. ट्रेलरचं चाक हलवून बघायला त्याला जवळ बोलावलं.

"हा जानेवारीपासून बंदच होता का रे?"

"शेरीफच्या माणसांनी त्याच सकाळी दाराला सील ठोकलं. एप्रिलच्या शेवटी त्यांच्या माणसासमोरच मी तोडलं. मध्ये कोणी आत गेलं नाही."

"त्या रात्री तू घरीच होतास?"

"बर्फ काढायच्या गाडीवर होतो, रात्रभर. सगळा जिल्हा माझा आवाज रेडिओवर ऐकत होता." तो माझ्याकडे बघेना. "का विचारताय?"

"गिऱ्हाईक विचारणार. माणूस गेलेला ट्रेलर आहे."

"बाबा राहायलाच नको होते त्यात," तो एकदम म्हणाला. "आयुष्यभर आईला सांगितलं, रिटायर झालो की आपण दक्षिणेत जाऊ, उन्हात बसू. आणि रिटायर झाल्यावर म्हणाले, मी एकटा जातो! सायमानं त्यांना हीटर लावून दिला, छत भरून दिलं. जा म्हणून वाट काढून दिली. मग झालं ते झालं." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो बापापेक्षा बहिणीवर जास्त होता.

मग मी सौनाच्या ओट्यावर आर्विदशेजारी बसले. दोघा भावांनी एका होडीवरून बारा वर्षं अबोला धरला होता, हे गावाला पाठ आहे.

"शेवटचं कोणी पाहिलं ऐनारला?"

"मीच." त्यानं पाइप झटकला. "त्या संध्याकाळी गेलो समेट करायला. म्हातारपणी अबोला परवडत नाही, लेम्पे. थंडी वाढते. त्यानं मासा तळला, फ्रीजमधून लोणी काढलं, मी पाव नेला होता. मग पठ्ठ्यानं गरम पाण्यानं दोन्ही ताटं घासली, कप घासले, मला पुसायला लावले. हिल्माच्या हाताखाली राहून राहून माणूस बायकोसारखा झाला होता."

"गरम पाणी होतं नळाला?"

"वाफ येत होती. माझ्या झोपडीत तर नळच नाही, मी आपला हात शेकत उभा राहिलो." त्यानं पाइपमध्ये पुन्हा तंबाखू भरला. "म्हणाला, एप्रिलमध्ये निघतो, हिल्माला कालच सांगितलं. मी विचारलं, ती काय म्हणाली? म्हणाला, काही नाही, उठली आणि ओटा पुसायला लागली."

त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. सौनाच्या वळचणीखाली लाकडी भिंतीवर गांधीलमाशांची मातीची घरटी ओळीनं चिकटलेली होती. ओळीत मधोमध एक जागा रिकामी होती. सगळं लाकूड उन्हानं करडं पडलेलं, आणि तेवढीच जागा पिवळी, ताजी, अंगठ्याएवढ्या लांबीची. ते घरटं पावसानं पडलेलं नव्हतं. पडतं तेव्हा मातीचा ठसा मागे राहतो. हे सुरीनं सोलून काढलं होतं.

म्हणजे माशांनी त्या नळीत घर केलंच नव्हतं. त्यांचं घर कोणीतरी नेऊन तिथं ठेवलं होतं.

पण कोणी? सुरी कुणाच्याही घरात असते. आणि तेवढ्यावर शेरीफ मला कॉफी पाजून घरी पाठवील, हेही मला ठाऊक होतं.

४

नळ तपासायचे राहिले होते. मी आत जाऊन वाकले आणि सिंकखालचा वाकडा पाइप उघडला. खाली वाटी धरली.

वाटीत गुलाबी पाणी आलं.

आमच्याकडे ऑक्टोबर सरायच्या आत प्रत्येक रिकामा ट्रेलर "मिटवतात". नळांतलं पाणी काढून टाकायचं, बंब रिता करायचा, आणि पाइपांत न गोठणारं गुलाबी औषध भरायचं. नाहीतर पहिल्या कडाक्यात पाणी गोठतं, फुगतं, आणि सगळे पाइप फाटतात. इथल्या लहान मुलांना प्रार्थना यायच्या आधी हे येतं. त्यामुळे गुलाबी पाणी बघून मला काहीच वाटलं नाही. मी वाटी बाजूला ठेवली. पंप सुरू केला, पाणी भरलं, एकेक सांधा हातानं चाचपला. कुठं थेंब नाही. सगळं धडधाकट.

मग मी फ्रीज उघडला. दार आधीच फटीएवढं उघडं होतं, मध्ये कडेला भरतकाम केलेला पांढरा फडका गुंडाळून लावलेला होता. आत बुरशी येऊ नये म्हणून. आत पुसून लख्ख. पलंगावरची सोडून बाकीच्या गाद्या उभ्या करून भिंतीला टेकवलेल्या. कप्प्यांत उंदरांसाठी साबणाचे तुकडे.

इतकी नीट मिटवणूक फार दिवसांत पाहिली नव्हती. मी मनात म्हटलं सुद्धा, शाबास गं बाई. आणि मग माझी नजर पुन्हा त्या गुलाबी पाण्याच्या वाटीवर गेली.

अगं पण हा ट्रेलर रिकामा होताच कधी?

जानेवारीच्या त्या संध्याकाळी नळाला वाफाळतं पाणी होतं. फ्रीजमध्ये लोणी होतं. रात्री हीटर बंद पडला. बाहेर उणे तीस. सकाळी सील लागलं, ते एप्रिलपर्यंत. एवढ्या थंडीत भरलेले पाइप सकाळपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. या ट्रेलरची चाळण व्हायला हवी होती. झाली नाही. म्हणजे आर्विद गेल्यानंतर आणि शेरीफ येण्याआधी कोणीतरी इथं येऊन, पलंगावर ऐनार असताना, शांतपणे ट्रेलर मिटवला होता.

"कशी काय वाटली?" दारात हिल्मा उभी होती. हातात ट्रे, कॉफी, वेलदोड्याचा पाव.

गिऱ्हाइकाची बाजू घेऊन बोलायची सवय उपयोगी पडली.

"हिल्मा, नळ बघून जीव गार झाला. एकही सांधा गळत नाही. कोण मिटवतं हा?"

तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मीच. पहिल्यापासून मीच. ऐनार नुसता घाई करायचा. रॉय हवा मारून पाणी उडवतो आणि औषध भरतच नाही, म्हणतो काय होतंय. होतं ना! शेजाऱ्यांचे दोनदा फुटले. माझा या ट्रेलरचा एकसुद्धा नळ आजवर फुटलेला नाही. लिहून दे तुझ्या गिऱ्हाइकाला."

"यंदाही तूच मिटवलास?"

"मग आणखी कोण?"

शब्द तोंडातून गेले आणि तिनं ट्रे हळूच सिंकवर ठेवला. कप किणकिणले.

"ऑक्टोबरात," ती म्हणाली. "नेहमीसारखा."

"हो, नेहमीसारखा," मी म्हटलं.

"कॉफी घे."

"नको गं. उशीर झाला."

मी तिच्या बाजूनं दारातून बाहेर पडले. तिनं वाट दिली. पायऱ्या उतरताना मागून तिचा आवाज आला, अगदी साधा. "लेम्पी, गिऱ्हाईक कोण आहे ते मला कळलंय."

५

सायमाच्या स्वयंपाकघरात मी सगळं आधी जाळीपासून सांगितलं. स्वच्छ चौकोन, स्प्रिंगचा आकडा. तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं गिळावं का, असा विचार केला. खोटं कशाला बोलू, फार वाटलं गिळावं. एवढ्यावर उठून घरी जावं.

"मग कोणी काढली?" तिनं डोकं न उचलताच विचारलं.

मी सौनाची भिंत सांगितली. गुलाबी पाणी सांगितलं. फ्रीजच्या दारातला फडका सांगितला. फडक्याचं नाव काढताच तिनं मान वर केली.

"भरतकामाचा?"

"हो."

"ते फडके घरातून बाहेर गेलेले आईला चालायचे नाहीत. बाबांना तर ती हातही लावू द्यायची नाही." तिनं डोळे पुसले. "रॉय... नाही, रॉय गाडीवर होता. आर्विदकाका?" ती मलाच विनवत होती, दुसरं कोणी असू द्या म्हणून.

"आर्विदच्या घरात नळच नाही गं. त्याला ट्रेलर मिटवता येत नाही. आणि रॉय औषध भरत नाही. हे हात एकाच बाईचे आहेत, पोरी. मी तिच्या तोंडून ऐकलंय."

"पण तिला सकाळी बाबा सापडले असतील. मेलेले. आणि मग, शेरीफला बोलवायच्या आधी... सवयीनं... तिला नाही राहवत, लेम्पी, तुम्हाला माहीत नाही. आजी गेली तेव्हा आई आधी खिडक्या पुसत होती."

"असेल. वकीलही हेच म्हणेल. पण शेरीफला तिनं सांगितलंय की दार उघडलं, पाहिलं, आणि तशीच पळत घरात जाऊन फोन केला. काहीला हात लावला नाही. आणि जाळी सकाळी कशाला काढील ती? तिला आधीपासून ठाऊक होतं की तो हीटर त्या रात्री बंद पडणार. नवरा जाणार हे तिला चाललं. पाइप फुटणार हे तिला बघवेना."

हे मी फार कडू बोलले. बोलल्यावर वाईट वाटलं, पण परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. चाळीस वर्षं ती तो ट्रेलर पुसत राहिली, उन्हात बसायच्या आशेवर, आणि तो एकटा निघाला. मला तिच्या दुःखाचा अंदाज येत होता. पण जाळी काढताना तिला हेही ठाऊक होतं की नाव कोणाचं येईल. बापाला वाट काढून दिलीस ना, मग भोग आता, हा तिचा हिशेब. याला मी दुःख म्हणणार नाही.

सायमानं फोन ओढला.

"शेरीफला मी लावते," मी म्हटलं.

"थांबा." तिनं आईच्या घरचा नंबर फिरवला आणि आवाज मलाही ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. पलीकडे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"आई," सायमा म्हणाली. चार महिन्यांत ती आईला पहिल्यांदा हाक मारत होती, आणि ती तिच्या तोंडातून लहान मुलीसारखी निघाली. "आई, जाळी होती गं. मी लावली होती."

नळ बंद झाला.

"मला माहीत आहे," हिल्मा म्हणाली.

सायमा वाट बघत राहिली. आणखी एखादं वाक्य येईल, कसलंही, शिवी का होईना. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग सायमानं फोन ठेवला.

"मी विसरलेच असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "कधीतरी तिनं मला माफ केलं असतं."

तिनं फोन माझ्याकडे सरकवला आणि उठून कोट चढवला.

"लावा शेरीफला. मी तिकडे जाते. ते येतील तेव्हा ती एकटी नको."